डावा कव्हर

सोलापूर, ११ जून

उदयदादा,

दोन दिवस तुझा फोन वाजतोय आणि मी उचलत नाहीये. उचलला तर तू आकडे सांगशील, मी ओरडेन, आणि भिंतीपलीकडं यांना सगळं ऐकू जाईल. म्हणून लिहितेय, हॉस्टेलवरून तुला लिहायचे तशी. तेव्हा पत्रात असायचं काय, तर बूट फाटले, मेसची भाजी पातळ असते, घरी कधी नेतोस. आज तसलं काही नाही.

कबड्डीच्या लिलावाच्या दिवशी तू आम्हाला टीव्हीवर दिसत होतास. आम्ही तुला दिसत नव्हतो, म्हणून सांगते.

सासूबाई मंगळवेढ्याहून सकाळच्या एस.टी.नं आल्या. पोराचं नाव टीव्हीवर येणार म्हणून नवं लुगडं नेसून, डब्यात धपाटे आणि शेंगांची चटणी घेऊन. शेजारच्या दोघीतिघी येऊन बसल्या. सृष्टीनं सगळ्या तिसरीच्या वर्गाला सांगून ठेवलेलं, माझे पप्पा आज टीव्हीवर आहेत. आणि यांनी इस्त्रीचा निळा शर्ट घातला होता. घरातल्या घरात, टीव्हीपुढं बसायला. 

नाव आलं. आदिनाथ, डावा कव्हर. फोटो तुमच्या संघात पहिल्यांदा आले तेव्हाचा, बारीक मिशीचा. लिलाव करणाऱ्या बाईंनी किंमत पुकारली. कॅमेरा एकेका टेबलावरून फिरला आणि तुमच्या टेबलाशी आला, तेव्हा तू मान खाली घालून काहीतरी लिहीत होतास. हातोडा पडला. पुढचं नाव.

सासूबाई मला विचारायला लागल्या, "काय झालं गं? घेतलं न्हवं त्येला?"

 सृष्टीच म्हणाली, "नाही घेतलं, आज्जी. अनसोल्ड म्हणजे कुणी विकत नाही घेतलं."

"मग बरंच की," सासूबाई म्हणाल्या. "माजं पोरगं काय इकायला काढलंय व्हय?"

शेजारणी हसल्या. हेसुद्धा हसले. मग उठून मोरीत गेले आणि बराच वेळ आतून नळाचाच आवाज येत राहिला.

दादा, मार्चमध्ये तुम्ही यांचा करार पुढं चालू ठेवला नाहीत, तेव्हा मी तुला एका शब्दानं विचारलं नव्हतं. म्हटलं, दुसरा संघ घेईल. पण लिलावानंतर संघाचा कोच म्हणून तू मुलाखत दिलीस, ती यांनी मोबाइलवर दोनदा ऐकली. 'कव्हरच्या जागेवर एवढा मोठा करार परवडतो का, हा प्रश्न आम्ही आकड्यांना विचारला. उत्तर नाही असं आलं. चांगले चढाईपटू मिळत नाहीत, कव्हर मिळतात.'

कव्हर मिळतात? कुठं? वहीची मिळतात, मोबाइलची मिळतात.

कबड्डी मला तूच शिकवलीस, म्हणून तुला शिकवायला मला लाज वाटते. पण तू विसरलायस. डाव्या कोपऱ्यात अतीक उभा राहतो, त्याच्या शेजारी हे. चढाई करणारा आत आला की त्याचा घोटा धरायचा अतीकनं. पण नुसता घोटा धरून कोण थांबतं? तो अतीकला फरफटत मध्यरेषेकडं नेतो, आणि तेवढ्यात बाजूनं यांचा खांदा येऊन त्याच्या बरगडीवर आदळतो. तेव्हा कुठं तो पडतो. टाळ्या पडतात. गुण मात्र पहिला हात ज्याचा, त्याच्या नावावर. अतीकच्या. अतीक आपल्या सोलापूरचा, त्यामुळं सरळ बोलतो. गेल्या ईदला शीरखुर्मा घेऊन आला तेव्हा दारातच म्हणाला, "भाभी, मेरे आधे पॉइंट आदिभाईके हैं." हे तुझ्या लॅपटॉपात कुठल्या रकान्यात जातं?

आणि हे स्थळ तूच आणलंस. करकंबला आण्णांपुढं उभा राहून म्हणालास, "आण्णा, ह्याचं नाव पेपरात येत नाही. पण ह्यानं धरलं की सोडत नाही." त्या एका वाक्यावर आण्णांनी मला दिलं.

आता हे सकाळी लवकर उठतात, सवयीनं. बूट घालतात. मग कुठं जायचं हे आठवत नसल्यासारखे पायरीवर बसतात.

फोन करू नकोस. लिहायचं तर लिही.

उत्कर्षा


सोलापूर, ९ जुलै

दादा,

तुझं पत्र आलं. चारच ओळी. 'दाजींच्या पकडी दोन हंगामांत निम्म्यावर आल्या. मी मेहुणा म्हणून बोललो नाही, ज्या कामाचा पगार घेतो ते काम केलं. सृष्टीला बूट पाठवलेत.'

बूट मी परत पाठवणार होते. पण खोकं उघडायच्या आतच तिनं घालून बघितले आणि शाळेला घालून गेली. बसलेत बरोबर.

तुला खोटं पाडायचं म्हणून मी तुमचे जुने सामने लावून बसले. शाळेत पोरींना खेळ शिकवते मी, मलाही चार गोष्टी कळतात. हे बाजारात गेले की लावायचे, आले की बंद करायचे. पहिल्या दोन हंगामांतले हे म्हणजे भिंत आहे, दादा. बघताना मला रडूच आलं. शेवटचा हंगाम लावला तेव्हा म्हटलं, आता तुझे आकडे फाडून टाकते. तर तू म्हणतोस तेच दिसलं. खांदा वेळेवर येतो. पण धडक दिल्यावर जो डावा हात कमरेभोवती आवळायचा, तो आवळत नाही. नुसता लागतो आणि सुटतो. एकदा नाही, सारखंच.

पस्तिशी जवळ आली, म्हणून असेल. तुला खोटं पाडता आलं नाही, हे लिहून टाकते म्हणजे माझ्या डोक्यातून जाईल.

पण मग मला सांग, तुम्ही सगळे लॅपटॉप उघडून बसता, तेव्हा हात का सुटतो असं एकानं तरी यांना विचारलं का?

घरी बरं आहे. चहाचे दोन कप फुटले एवढंच. यांच्या हातून. लक्ष नसतं हल्ली.

आण्णा विचारतात, उदय का येत नाही. मी सांगते, कामात आहे.

उत्कर्षा


करकंब, १९ ऑगस्ट

दादा,

करकंबला आलेय, आण्णांच्या कॉटवर बसून लिहितेय. इथल्या मंडळानं यंदा पत्र्याच्या शेडमध्ये मॅट टाकून स्पर्धा घेतली. यांना बोलवायला माणसं सोलापूरला घरी आली होती. "मोबदला काय देणं हुयाचं न्हाय, पर तुमी नुसतं हुबं ऱ्हायला तरी पोरं जिंकत्याल." यांचा चेहरा जूननंतर पहिल्यांदा उजळला. गावच्या संघातून खेळले.

आण्णा पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते. यांनी पहिलीच धडक दिली तशी गर्दीतून आरोळी उठली आणि आण्णा मागं वळून सगळ्यांना सांगायला लागले, "जावाई हाय माजा!" जणू कुणाला माहीत नव्हतं. तू असायला हवा होतास, असं मला वाटलं. मग वाटलं, नव्हतास तेच बरं.

दुसऱ्या डावात एकदा पडले. उठले. पंचांनी जरा वेळ खेळ थांबवला. नंतर आण्णांनीच हात धरून बाहेर आणलं. मान आखडली होती. काल पंढरपूरला डॉक्टरांना दाखवून आलो, त्यांनी पट्टा दिलाय आणि सोलापूरला मोठ्या डॉक्टरांना भेटा म्हणालेत. भेटू.

आण्णा उसाच्या बांधावर जाऊन बसतात.

जास्त लिहीत नाही. पाऊस नाही, उकाडा आहे.

उत्कर्षा


सोलापूर, २१ सप्टेंबर

दादा,

हे कुरिअरनं पाठवतेय. उद्या संध्याकाळपर्यंत तुझ्या हातात पडेल. एकटा असशील तेव्हा वाच.

काल तुझा यांना फोन आला. तुमच्या नव्या कव्हरचा गुडघा गेला, दाजी, गुरुवारपर्यंत या, उरलेल्या हंगामाचा करार करू. तू हे बोलताना तुझाही आवाज भरून आला होता, असं हे म्हणाले. फोन ठेवल्यावर यांनी सृष्टीला उचलून घेतलं. एका हातानं, उजव्या. तिला खांद्यावर बसवून सगळ्या गल्लीतून हिंडवलं. सासूबाईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "मी म्हनत न्हवते? दाणं चांगलं असंल तर गिऱ्हाईक माघारी येतंयच." आता आतल्या खोलीत बॅग भरणं चाललंय आणि शीळ घालताहेत. लग्नानंतर मी ती शीळ ऐकली नव्हती.

दादा, यांना घेऊ नकोस.

करकंबहून तुला लिहिलं ते अर्धंच लिहिलं होतं. यांनी माझा हात सृष्टीच्या डोक्यावर ठेवून माझ्याकडून वदवून घेतलेलं, उदयला कळता कामा नये. आता लिहिते.

हे पडले ते असे पडले, की डोकं समोरच्याच्या मांडीत घुसलं आणि मान मागं मोडल्यासारखी झाली. उताणे पडून राहिले. डोळे उघडे. मी धावत मॅटवर गेले. मला म्हणाले, "उत्कर्षा, माझं हात कुटं हायत?" हात तिथंच होते, दादा, दोन्ही बाजूंना. मी उचलून दाखवले तर त्यांना ते कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे बघत होते. मग हळूहळू मुंग्या आल्या, बोटं हलली. आण्णांनी टॉवेलनं तोंड झाकून घेतलं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मानेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकून आतल्या मज्जारज्जूवर आलीय. आज नाही, दोनतीन वर्षांपासून हळूहळू. डाव्या हातातली ताकद त्यामुळंच जातेय. कप त्यामुळंच फुटत होते. आणि तुझ्या लॅपटॉपात पकडी निम्म्यावर आल्या, त्याही त्यामुळंच. तो हात जिवाच्या आकांतानं आवळत होता, पण त्याच्यापर्यंत निरोपच जात नव्हता.

डॉक्टर वयस्कर आहेत, स्पष्ट बोलले. "पहिलवान, साधं चालणं-फिरणं, काम, काही अडचण नाही. ऑपरेशनचं पुढं बघू. पण कबड्डी संपली. अशी आणखी एक धडक बसली तर मानेखालचं सगळं जाईल. मग जेवण सुद्धा बायको भरवणार." हे ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर रिक्षात मला म्हणाले, "डागदर असंच भ्या घालत्यात."

कालपासून मी तीनदा बोलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा चिडले. तिसऱ्यांदा माझा हात धरून म्हणाले, "एक हंगाम. निस्ता एक. मला कुनी कामाचा न्हाय म्हनून काढलेलं हाय. तसं न्हाय जायाचं मला. खेळून जायाचं हाय."  आणि त्यांचं खरं होतं.

तुमच्या चाचणीत हे पळतील, उठाबशा काढतील, सगळ्यांना मागं टाकतील. मान कुणी बघणार नाही आणि हे सांगणार नाहीत. तू बघायला लाव. काहीही कारण काढ, सगळ्यांचीच तपासा, पण फोटो काढल्याशिवाय मॅटवर जाऊ देऊ नकोस.

जूनमध्ये मी तुला काय काय बोलले ते मला पाठ आहे. त्यातला एक शब्दही मागं घेत नाही. यांच्या जागी दुसरा कुणीही चालेल, असं मी अजूनही म्हणणार नाही. पण दुसरा आण.

आणि माझं नाव सांगू नकोस. एवढं एक मागणं तुझ्याकडं मागते. मला यांच्याबरोबर राहायचंय.

उत्कर्षा


सोलापूर, ८ ऑक्टोबर

दादा,

हे परत आले. शनिवारी, दुपारच्या गाडीनं. बॅग दारात ठेवली आणि म्हणाले, "दोनदा काढलं तुज्या भावानं. एकदा लिलावात, एकदा डागदराफुडं."

मी पाणी दिलं.

सगळं सांगितलं त्यांनी. चाचणीत पोरांना मागं टाकलं. अतीकनं मिठी मारली. जर्सी सुद्धा मिळाली, जुन्याच नंबरची. आणि संध्याकाळी तू येऊन म्हणालास, दाजी, मानेचा फोटो काढायला लागेल. बाकी कुणाला नाही, यांनाच. "म्हंजी बघ की, त्याला आधीच काढायचं हुतं. कारण पायजे हुतं फक्त. संघ हरायलाय, मालकाला दाखवायला कुनीतरी बोलवायचं, आन मग लंगडं म्हनून माघारी लावायचं." मी म्हटलं, "असं कसं करेल तो?" तर म्हणाले, "तू त्येचीच बाजू घेनार."

 दादा, मी भाकरी वाढली.

यांनी करकंबला फोन करून आण्णांना सांगितलं, तुमच्या पोराला माझा उंबरा बंद. आण्णा तुला फोनवर काय काय बोलले ते त्यांनीच मला सांगितलं. मी हादरले. बापानं पोराला बोलू नये असं बोललेत. तू काय म्हणालास, विचारलं. "काय न्हाय. व्हय आण्णा, व्हय आण्णा, करत हुता."

अतीकचाही फोन आला होता. म्हणाला, रिपोर्ट आल्यावर हे दवाखान्याबाहेरच्या कट्ट्यावर बसले, आणि तू बऱ्याच अंतरावर उभा राहिलास, यांची गाडी येईपर्यंत, उन्हात. जवळ गेला नाहीस. अतीकला वाटलं तुला लाज वाटत असेल. "उदयसर ऐसे नहीं थे, भाभी."

तू एकदाही माझं नाव घेतलं नाहीस. मी मागितलं तेवढं दिलंस. मला वाटलं होतं, मला हलकं वाटेल.

जर्सी यांनी घडी करून कपाटात वर टाकलीय. सृष्टीनं विचारलं, मामा दिवाळीला येणार का. हे म्हणाले, "तुला मामा न्हाय." पोरगी माझ्याकडं बघत राहिली.

उत्कर्षा


सोलापूर, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

दादा,

आज सांजच्याला गच्चीवर गेले. ताटात निरांजन, सुपारी, करंज्या. भाऊ जवळ नसला की बायका चंद्राला ओवाळतात, आई ओवाळायची आठवतं? मामा सैन्यात होता तेव्हा. नव्या चंद्राची कोर अगदी बारीक होती, समोरच्या टाकीच्या वर. मी ओवाळत असताना हे वर आले, वाळत घातलेले कपडे काढायला.

"कुनाला ववाळतीस?"

"चंद्राला."

"भाऊ मेला व्हय तुजा?"

चिडून नव्हते म्हणाले. नुसतं तोंडून गेलं. पण मी ताट कठड्यावर ठेवलं आणि बोलून गेले. म्हटलं, "त्यानं काही केलं नाही. मी कळवलं त्याला. तुमची मान, डॉक्टर, करकंब, सगळं मी लिहून पाठवलं. घेऊ नकोस म्हणून मीच लिहिलं."

हे कपडे हातात घेऊन उभे राहिले.

"तू?"

"मी."

"सृष्टीच्या डोस्क्यावर हात ठिवून शब्द दिल्तास."

"मोडला."

खालून फटाक्यांचे आवाज येत होते. मग म्हणाले, "सगळ्यांनी मला मोजलं. मालकानं मोजलं, उदयनं मोजलं. म्हटलं, घरी तरी एक मानूस हाय, जी मोजत न्हाय."

"मी मोजलं नाही," मी म्हटलं. "मला तुम्ही पाहिजे होता."

"मला इचारायचं तरी."

"तीनदा विचारलं."

"मग माझं उत्तर ऐकायचं हुतं की! लुळा पडलो असतो तर मी पडलो असतो."

"आणि तुम्हाला उचललं कुणी असतं?"

 कपडे तिथंच कठड्यावर ठेवले, घडी न करता, आणि खाली गेले. रागानं दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. हळूच लावलं.

आताच, मी हे लिहीत असताना, आतून सृष्टीला सांगताहेत की पप्पा उद्या आज्जीकडं मंगळवेढ्याला जाणार आहेत, ज्वारीची कोळपणी आहे. ती विचारतेय, "किती दिवस?" 

तुझ्यावरचं ओझं उतरवलं, दादा. आण्णांनाही उद्या सांगेन. तू केलेलं खूप झालं.

उत्कर्षा


मंगळवेढा, १८ जानेवारी

दादा,

तू आण्णांकडं येऊन राहून गेलास, कळलं. आण्णांनी तुझ्या पाठीवरून हात फिरवला हेही त्यांनीच सांगितलं, जरा चोरून, लहान पोरासारखं. बरं वाटलं. मला भेटायला आला नाहीस. समजलं. अजून एवढ्यात नकोच.

मी दर रविवारी सृष्टीला घेऊन इथं येते. सकाळची एस.टी. धरली की नाश्त्याला पोचतो. हे फाट्यावर सायकल घेऊन उभे असतात. सृष्टीला पुढं बसवतात, तिची पिशवी हँडलला अडकवतात. मी मागून चालत येते. माझ्याशी बोलत नाहीत. भांडत नाहीत, वाईट वागत नाहीत, जेवताना माझ्या ताटाकडं लक्ष असतं, चटणी संपली तर वाटी माझ्याकडं सरकवतात. फक्त बोलत नाहीत. दिवाळीपासून एक शब्द नाही. सासूबाई दोघांमध्ये बोलत बसतात, म्हणजे घर मोकळं वाटायला नको.

हात तसाच आहे. डाव्यानं विळा धरता येत नाही म्हणून उजव्यानं शिकलेत. ऑपरेशनचा विषय सासूबाई काढतात, हे उठून रानात जातात. पोटरीतली ज्वारी आता हुरड्याला आलीय. आज सकाळी शेकोटी करून हुरडा भाजला, गरम कणसं तळहातावर चोळून सृष्टीच्या ओंजळीत घालत होते. दाणे सांडत होते डाव्या हातातून. ती पोरगी खालचे वेचून खात होती.

हे पत्र लिहायला कारण दुपारी झालं.

जेवणं झाल्यावर सृष्टीनं टीव्ही लावला. तुमचा डिसेंबरातला सामना परत दाखवत होते. मी बंद करायला उठले, तर सासूबाईंनी डोळ्यानं खुणावलं, राहू दे. हे खांबाला टेकून ज्वारीच्या पेंढ्या बांधायला दोरीसारखे आळे वळत होते. टीव्हीकडं पाठ होती. सुरुवातीला वळले नाहीत. समालोचक 'डावा कव्हर' म्हणाला, तेव्हा वळले.

यांना माघारी लावल्यावर तुम्ही आणलेलं ते पोरगं. नाव मला माहीत नाही, फार लहान दिसतं, मिसरूड फुटलेलं. अतीकनं घोटा धरला आणि ते शेजारून धडकलं. अगदी यांच्यासारखं, दादा, खांदा खाली, डोळे उघडे. समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. पडलं आणि तसंच पडून राहिलं.

हा सामना होऊन महिना झालाय. ते पोरगं नंतरचे सामने खेळलंय, धडधाकट आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी अतीक वाकून त्याला खांद्याला धरून उठवायला लागला तसे हे टीव्हीपुढं गुडघ्यावर जाऊन बसले, काचेला नाक लागेल इतके जवळ, आणि ओरडले, "हलवू नगंस त्येला! अतीक, हलवू नगं, मान धर आदी, मान!"

सृष्टी घाबरून माझ्याजवळ आली.

पोरगं उठलं. डोकं झटकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते चालत जाऊन परत आपल्या जागेवर उभं राहिलं, अतीकच्या शेजारी, हात पुढं करून. पुढची चढाई सुरू झाली.

हे तसेच बसून राहिले. आळ्यांचं भेंडोळं हातातून सुटून जमिनीवर पसरलं होतं. मग मागं वळले. सासूबाईंकडं नाही, सृष्टीकडं नाही. माझ्याकडं बघितलं, आणि विचारलं,

"त्येच्या घरी कोन हाय का गं?"

तीन महिन्यांनी यांचा आवाज ऐकला, माझ्याशी बोललेला.  म्हटलं, "माहीत नाही. दादाला विचारते."

'दादा' म्हटल्यावर तोंड फिरवतील असं वाटलं. नाही फिरवलं. म्हणाले, "इचार." आणि उठून टीव्ही बंद केला.

आता रानात गेलेत. सृष्टी बरोबर आहे. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही सोलापूरला निघू, हे इथंच राहतील. 

तेवढं कळव, दादा. त्या पोराच्या घरी कोण आहे? आई, बहीण, कुणी आहे का?

उत्कर्षा